कोपऱ्यापासून काढलेलं वर्तुळ

सान फेर्नान्दो, २ जुलै

देल्फिन,

हे पत्र शेजारच्या गुआनलाओंच्या जावयाबरोबर पाठवतेय. तो सुट्टी संपवून तायवानला परत चाललाय, तुझ्या कारखान्याच्या जवळच राहतो म्हणाला. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, मग दुसरा मार्ग कोणता? कागद बंद करता येत नाही. तो फाडावा लागतो, आणि बहिणीचं पत्र न वाचता फाडण्याइतका तू अजून निबर झालेला नाहीस, असं मी धरून चाललेय.

आधी बापाची खुशाली. तातांग ठीक आहेत. जेवतात, झोपतात, माझ्या स्वयंपाकात खोड्या काढतात. उजवा हात तेवढा जरा जड झालाय. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, चालायचंच. त्यांची खडूची डबी मी कपाटावर ठेवून दिलीय, उगाच डोळ्यांसमोर नको.

आता माझी बातमी ऐक आणि खुशाल हस. तुझी ही थोरली बहीण, आत्सी लुमिंग, पन्नाशी उलटल्यावर शाळेत जायला लागलीय. बाजारामागच्या सरकारी केंद्रात फुकट वर्ग आहे, जावा प्रोग्रामिंगचा. पहिल्या दिवशी बाकावर जाऊन बसले तर शेजारची मुलगी म्हणते, "आंटी, तुमचा मुलगा कुठल्या वर्गात आहे?" मी म्हटलं, "मुलगा नाही गं, मीच आहे." बिचारी पार ओशाळली. आता रोज तीच मला कीबोर्डवरची अक्षरं शोधून देते.

का जाते तेही सांगते. यंदा आपल्या बारांगायच्या, आपल्या वस्तीच्या, कंदील समितीनं ठरवलंय की नाताळच्या स्पर्धेतल्या मोठ्या कंदिलाचे दिवे कॉम्प्युटरवर चालवायचे. तातांगचा ढोल बाद. तो पत्र्याचा फिरता ढोल, त्याला लावलेल्या चिकटपट्ट्या, पट्टी आली की दिवा विझायचा आणि उघडा पत्रा आला की पेटायचा, ते सगळं आता अडगळीत. तू हेच म्हणत होतास तेव्हा घरात रणकंदन माजलं होतं. आता समितीनं म्हटलं तर तातांग नुसते खिडकीबाहेर बघत बसले. पण नक्षी मात्र त्यांचीच पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं आहे, आणि ती कॉम्प्युटरवर काढून द्यायची आहे. तातांगना ते येत नाही, तू इथे नाहीस. मग उरलं कोण? लग्न न केलेली मुलगी घरात असली की असली कामं तिच्याकडे आपोआप चालत येतात.

आता मुद्द्याचं बोलते. त्या वर्षी तू शेजारच्या बारांगायचा ढोल बांधायला गेलास आणि त्यांच्या कंदिलात आपल्या तातांगच्या नक्षीतली पाकळी दिसली. तू दिलीस, का त्यांनी चोरली, का नुसता योगायोग, मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. मला एवढंच आठवतं की विमानतळावर जायला निघालास त्या सकाळी तू आशीर्वादासाठी तातांगचा हात कपाळाला लावायला वाकलास आणि त्यांनी तो खिशात घातला. तू तसाच वाकून राहिलास. मी दारात उभी होते. सहा वर्षं झाली, मला ते बघवत नाही रे. ते आहेत तोवर एकदा ये आणि तो हात घे. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

आत्सी

२८ जुलै

देल्फिन,

उत्तर नाही. ठीक आहे, तू लिहू नकोस, मी लिहिते.

सोबत माझा पहिला कागद आहे, कॉम्प्युटरवर काढलेला चौकोन. तुला हसू येईल, पण मला तो चौकोन काढायला पूर्ण दुपार लागली. आमची शिकवणारी मुलगी, मिस केझाया सुंगा, माझ्या शिवणयंत्रापेक्षाही वयानं लहान आहे. मी तिला मॅम म्हणते, ती मला आंटी म्हणते, त्यामुळे कुणाचाच मान कमी होत नाही. ती आधी रेघ शिकवते, मग चौकोन, मग वर्तुळ, मग त्रिकोण आणि चांदण्या.

आणि काय सांगू, या यंत्राचं सगळंच उफराटं आहे. पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तिथून उजवीकडे गेलं की आकडा वाढतो, इथवर माझं डोकं चाललं. पण खाली गेलं तरी आकडा वाढतो! मला वाटलं वर म्हणजे जास्त. म्हणून चांदणीच्या वरच्या टोकाला मी सगळ्यात मोठा आकडा दिला, आणि चांदणी आली डोक्यावर उभी राहून.

"मॅम, माझा कंदील पडला."

"पडला नाही आंटी, इथे खाली जाणं म्हणजेच वाढणं."

"असं होय? मग आमच्या घराची तर भरभराटच चाललीय."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी येताना मात्र रिक्षात उगाच डोळे भरून आले.

वर्तुळाची गंमत तर त्याच्या वरताण. तातांग काय करायचे, आठवतं ना? अंगणातल्या सिमेंटवर खिळा ठोकायचा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला खडू, आणि फिरवायचं. आधी मध्य, मग गोल. या यंत्राला मध्य सांगायचाच नाही. ते वर्तुळ ज्या चौकोनात मावेल त्याचा कोपरा सांगायचा आणि रुंदी-उंची सांगायची. तो चौकोन दिसत नाही, पण असतो. मी तातांगना हे सांगितलं तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते, आणि त्यांनी चमचा तोंडाआधी हातानं अडवला.

"म्हणजे मधे खिळाच नाही?"

"नाही."

"मग गोल फिरतो कशावर?"

"फिरत नाही, तातांग. कोपऱ्यातून मोजून एकदम येतो."

"आईशप्पथ, हे कुठल्या गाढवानं काढलं," असं म्हणून त्यांनी पेज गिळली. नंतर कितीतरी वेळ डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर चौकोन काढत बसले होते.

पेजेचं लिहून गेले खरी. आता खोडत नाही. हो, मी भरवते. अधूनमधून.

आत्सी

२५ ऑगस्ट

देल्फिन,

घाईत लिहितेय, कारण बातमी मोठी आहे. तातांगनी तुझं नाव घेतलं! माझ्या कानांनी ऐकलं. बापा इस्लाव, म्हणजे आपल्या समितीचे म्होरके काका, पलंगाजवळ बसले होते आणि तातांग स्पष्ट म्हणाले, "देल्फिन." इतकी वर्षं या घरात तुझा उल्लेख "तो" असा सुद्धा झाला नव्हता. नाव कसं निघालं ते पुढच्या पत्रात सांगते. आधी माझी फजिती ऐक.

आता मला रंग भरता येतात. म्हणून मी तातांगची नक्षी घेतली आणि काढायला बसले. तुला मला कुणालाही विचारलं की कंदील कुठून सुरू करायचा, तर आपण काय म्हणू? तंबोरापासून. मधला गोल आधी, मग त्याभोवती पाकळ्या, मग चार कोपऱ्यांतले सिकुसिकु, मग बाहेरची टोकं. तातांगनी तसंच केलं, त्यांच्या बापानं तसंच केलं. मीही तसंच केलं. लाल तंबोर काढला, रंग भरला. भोवती पिवळ्या पाकळ्यांचा मोठा गोल, त्यात रंग. त्याहून मोठा निळा, त्यात रंग. एकेक ओळ नीट तपासली, चूक एकही नाही. चालवलं, तर पडद्यावर फक्त एक निळीशार थाळी!

मी मिस केझायाला हाक मारली. "मॅम, यंत्रानं माझा तंबोर खाल्ला."

तिनं ओळी वाचल्या आणि तोंडावर हात ठेवला. "आंटी, तुम्ही लहान आधी काढलं आणि मोठं नंतर. नंतरचं आधीच्यावर बसतं. मोठं आधी काढा, मधलं सगळ्यात शेवटी."

"आमच्याकडे मधलं आधी असतं."

"इतर मुलांपैकी कुणी ही चूक केली नाही," ती म्हणाली. मग घाईनं, "तुम्ही सान फेर्नान्दोच्या ना, म्हणून."

तिला वाटलं मला राग आला. राग कसला, मला घर आठवलं. मी ओळी खालच्या वर केल्या, तंबोर शेवटच्या ओळीत लिहिला, आणि काय सांगू देल्फिन, तातांगचा कंदील पडद्यावर असा उमलला की माझ्या तोंडून "हे येसू" निघून गेलं. शेजारची मुलगी टाळ्या वाजवायला लागली. त्याची छापील प्रत घरी नेली तेव्हा बापा इस्लाव तिथे होते, आणि नाव निघालं ते तेव्हाच.

ये ना रे. लोखंड तापलंय.

आत्सी

३० सप्टेंबर

देल्फिन,

सांगते म्हटलं होतं, तर सांगते. तू रागावशील, पण ऐकून घे.

त्या दिवशी बापा इस्लावनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाले, "मेलेन्सियो, हे कुणी काढलं रे? काय सफाई आहे!" मी तोंड उघडणार तेवढ्यात तातांग म्हणाले, "देल्फिन. दुसरं कोण काढणार? तिकडून पाठवतो."

मी गप्प बसले. तू असतास तर काय केलं असतंस? ज्या तोंडातून इतकी वर्षं तुझं नाव निघालं नाही त्या तोंडातून ते अभिमानानं निघालं. मी त्यावर पाणी ओतू? आणि त्यांचंही बरोबर आहे म्हणा. मी प्रशिक्षणाला जाते हे त्यांना सांगितलं होतं, त्या कोपऱ्यातून मोजलेल्या गोलासकट, पण त्यांनी ते यंत्रावरच्या शिवणकामाचं धरलं होतं. मुलीनं कागद कापावा, डिंक लावावा, ढोलापाशी फिरकू नये, हाच आपल्या घरचा कायदा. लहानपणी मी एकदा ढोलावरची पट्टी सरळ करायला गेले तर तातांग काही बोलले नाहीत. नुसतं मला उचलून बाजूला ठेवलं, वाटेतली खुर्ची ठेवावी तसं.

आता रोज काय चालतं माहितेय? संध्याकाळी मी कागद दाखवते. तातांग डाव्या हातानं दाखवतात. "त्याला सांग, सिकुसिकु जरा आत घे. कंदील वाऱ्यात हलतो, कोपरे जड दिसले तर पडेलसा वाटतो." मी म्हणते, सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात आकडे बदलते, नवी प्रत आणते. ते बघतात. "बघ, एका शब्दात कळलं त्याला. पाकळ्या सोळा कर म्हणावं, बारा फार उघड्या वाटतात." मी पुन्हा म्हणते, सांगते.

काल त्यांनी कागद बराच वेळ छातीवर धरून ठेवला होता. म्हणाले, "पोरगा शिकला. हात माझ्यापेक्षा स्वच्छ झालाय." मग माझ्याकडे बघून, "लुमिंग, तू नुसती ने-आण कर हं. मधे स्वतःचं काही घालू नकोस." मी म्हटलं, "नाही घालत, तातांग." आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले, नको असताना.

पण खरं सांगू? हा महिना मला आवडतोय. जन्मात पहिल्यांदा मी आणि तातांग एका कंदिलावर काम करतोय. त्यांना ठाऊक नाही, एवढंच.

आता महत्त्वाचं. परवा ते आपणहून म्हणाले, "डिसेंबरात येईल का तो? आला तर हात देईन म्हणावं." ऐकलंस? हेच मला हवं होतं. ये. प्रोग्राम मी तुला एका दुपारीत शिकवते, तू मशीनवाला माणूस, तुला ते काय अवघड? त्यांच्यासमोर बसून दोन आकडे बदल, की झालं. मला श्रेय-बिय नको.

आत्सी

५ नोव्हेंबर

देल्फिन,

गुआनलाओंचा जावई आला. तुझं खोकं मिळालं. मलम, बिस्किटं, तातांगना लोकरीची टोपी. पाम्पांगाच्या उकाड्यात लोकरीची टोपी! पण ती त्यांनी काढू दिली नाही, घामाघूम होऊन तीच घालून बसतात. तुझा निरोपही मिळाला. बिचारा जावई तोंड पाडून म्हणाला, "तो म्हणतो, आत्सीला सांग, खोट्याच्या आधारानं मी घरी येणार नाही. आधी त्यांना खरं सांग, मग बघू."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी फक्त तातांगबद्दल म्हणायचे. आता दोघांबद्दल म्हणते.

खरं सांगू? कुणाला सांगू? गेल्या आठवड्यात त्यांना दुसरा झटका आला. हो, दुसरा. पहिला जूनमध्ये आला होता. तुला "हात जरा जड" एवढंच लिहिलं, कारण मला वाटलं तू भीतीनं नको, प्रेमानं यावंस. शहाणपणा केला, दुसरं काय. आता ते सगळ्यांना ओळखतात असं नाही. मी आईच्या, आपल्या ईमाच्या, थडग्यावर फुलं ठेवून आले तर त्यांनी मलाच विचारलं, "बायको कुठाय?" पण कागद समोर धरला की डोळे जागे होतात. बोट अजून सिकुसिकुवर जातं.

अशा माणसाला मी जाऊन सांगू, तातांग, तुमच्या मुलानं यातली एक रेघ काढलेली नाही, त्यानं तुमच्यासाठी टोपी पाठवलीय? नाही सांगणार. तुला काय म्हणायचं ते म्हण.

वर्गात आता दिवे हलवायला शिकवतात. चित्र हलवायचं म्हणजे पुन्हा पुन्हा काढायचं, आणि प्रत्येक वेळी आधीचं पुसायचं. मी पुसायची ओळ विसरले. सगळे जुने गोल तसेच राहिले आणि नव्यांनी त्यावर गर्दी केली, शेवटी पडद्यावर नुसता चिखल. मिस केझाया म्हणाली, "आंटी, पुसल्याशिवाय पुढचं दिसत नाही." मला तुम्ही दोघं आठवलात. ती एक ओळ तुम्हाला कुणी शिकवली असती तर किती बरं झालं असतं.

देल्फिन, मी हात जोडते. मानापमान नंतर. विमानात बस आणि ये.

आत्सी

२ डिसेंबर

देल्फिन,

तुझ्या मालकांच्या फोनवर निरोप ठेवलाय, पण तो तुला मिळेल का, कधी मिळेल, देव जाणे. म्हणून हेही पाठवते.

तातांग आज पहाटे गेले. त्रास झाला नाही. शेवटचं समजेल असं काल बोलले. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला होता, मिस केझायानं उसना दिलेला, आणि त्यावर कंदील सुरू केला होता. दिवे मधून बाहेर धावत होते, बाहेरून मधे येत होते. त्यांनी डावा हात उचलला आणि पुढे केला, पालथा, कपाळाला लावायला देतात तसा. "देल्फिन," म्हणाले. खोलीत मीच होते. मी वाकले आणि तुझ्या वतीनं तो हात कपाळाला लावला.

ये लवकर. तू येईपर्यंत पेटी झाकू देणार नाही.

आत्सी

१४ जानेवारी

देल्फिन,

तू गेल्यावर आज लिहायला बसले. नऊ दिवसांच्या प्रार्थना सुद्धा पुऱ्या होऊ दिल्या नाहीस. शेजारणींनी विचारलं तर मी म्हटलं, रजा मिळाली नाही. आणखी एक खोटं, माझ्या नावावर मांड.

त्या संध्याकाळचं मला बोलायचंय. पेटीजवळ जागायला माणसं जमली होती, रिवाजाप्रमाणे अंगणात पत्ते चालले होते, मी कॉफीचे कप फिरवत होते, आणि सगळे तुझ्याभोवती जमले होते. "देल्फिन, बापाचा जीव तुझ्या चित्रांत होता रे." "देल्फिन, शेवटपर्यंत तुझंच नाव." बापा इस्लाव तर तुझ्या खांद्यावर हात टाकून रडत होते. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. आणि तू उभा राहिलास. लोकांना वाटलं तू आभार मानणार.

"हे मी काढलेलं नाही," तू म्हणालास. "एकही रेघ माझी नाही. सगळं आत्सीनं केलंय. ती कॉम्प्युटर शिकली. मी फक्त टोपी पाठवली."

पत्ते थांबले. कुणीतरी खुर्ची सरकवली. बापा इस्लाव माझ्याकडे बघत राहिले, जणू माझ्या खांद्यावर दुसरं डोकं उगवलं होतं. "लुमिंग? तू?" एवढंच म्हणाले. मी कप गोळा केले आणि आत गेले. मला काय वाटलं ते विचारशील तर सांगते, मला तुझ्या मुस्काटात मारावीशी वाटली.

मी मागच्या दारी आले तेव्हा तू पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतास. म्हणालास, "आत्सी, त्यांनी माफ केलं ते चित्र काढणाऱ्याला. मी तो माणूस नाही. तो हात माझ्यासाठी नव्हता. मला तो घेता येणार नाही." मी म्हटलं, "नाव तर तुझंच घेतलं ना?" तू म्हणालास, "नाव माझं होतं, काम तुझं होतं." आणि दफन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलास.

स्पर्धेच्या रात्री आपला कंदील पेटला. बक्षीस मिळालं नाही. पण सिकुसिकु आत घेतल्यामुळे वाऱ्यात तो एकदाही कललेला वाटला नाही, बाकीचे वाटत होते. बापा इस्लावनी भोंग्यावरून नक्षीकार म्हणून तातांगचं नाव सांगितलं आणि मग थोडं थांबून माझं. माझं नाव मी भोंग्यावर कधी ऐकलं नव्हतं. ज्यानं ते ऐकायचं ते माणूस मातीत होतं.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. तुझं म्हणणं, माफी तुझी नाही, कारण ती माझ्या कामावर मिळाली. बरं. मग ती कुणाची? माझी तर नक्कीच नाही. तातांगनी मला कशाबद्दल माफ करायचं? ते माझ्यावर कधी रागावलेच नाहीत. देल्फिन, तुझ्यावर ते सहा वर्षं रोज रागावले. माझ्यावर रागवायचं तर आधी माझ्याकडे बघावं लागलं असतं. तू घरात नव्हतास तरी तुझी जागा रिकामी दिसायची. मी घरात होते आणि त्यांना पेज आपोआप तोंडात येतेय असं वाटायचं. तू हात मिळाला नाही म्हणून रडतोस. मला रोज सकाळ-संध्याकाळ तो हात मिळत होता, दाराची मूठ मिळावी तसा. तुझ्या नावानं मिळाला तेव्हा पहिल्यांदा तो गरम लागला.

हे मी कुणाला बोलले नव्हते. ईमालाही नाही.

आता बापाची इस्टेट म्हणून एवढंच उरलंय, एक माफी आणि एक शाबासकी, आणि दोन्हींवर तुझंच नाव पडलंय. घर, भांडी, ढोल यांचं काय करायचं ते तू म्हणशील तसं. पण या दोन गोष्टींची वाटणी मी मोठी म्हणून करते आणि तू वाद घालायचा नाहीस. माफी तू घे. ते "देल्फिन" म्हणाले, डोळे उघडे ठेवून म्हणाले, आणि चित्रं नसती तरी त्यांना ते म्हणायला काहीतरी निमित्त हवंच होतं. शाबासकी मी घेते. "हात माझ्यापेक्षा स्वच्छ झालाय," हे वाक्य माझं. ते तू मला दे. तुझ्या नावानं बोललेलं आहे, म्हणून तुझ्याकडून मागतेय, नाहीतर मी कुणाकडे मागू?

फार लिहू नकोस. "दिलं" एवढं एका कागदावर लिही आणि गुआनलाओंच्या जावयाबरोबर पाठव.

आत्सी लुमिंग